या चुका टाळा: बाळाच्या फोटोंसाठी लेन्स घेण्याआधी खोली मोजा

ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. बारशाच्या आठवडाभर आधी मी ५० मिलिमीटर, एफ १.८ची लेन्स घेतली. मिलिमीटर जितके जास्त, तितकं दृश्य जवळ येतं आणि चौकटीत कमी मावतं; एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सनंतर जो तो हीच घ्यायला सांगतो आणि किंमतही खिशाला झेपते. पाळणा बांधला होता तो आतल्या दहा बाय दहाच्या खोलीत. आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करते तो क्षण टिपायचा होता. पाळणा, ताई आणि आत्या एका चौकटीत बसवायला मागे सरकत गेलो, तो पाठ कपाटाला टेकली. तरी आत्या अर्धीच दिसत होती.

लेन्स उत्तम होती, माझं माप चुकलं होतं.

नवशिक्यांसाठीच्या बहुतेक डीएसएलआरमधला सेन्सर (फोटो टिपणारी चिप) फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा, लहान असतो. त्यामुळे ५०ची लेन्स निकॉनवर ७५सारखी आणि कॅननवर ८०सारखी दिसते. ९० सेंटिमीटर उंचीचं मूल, डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून, उभ्या फोटोत बसवायचं तर जवळजवळ अडीच मीटर मागे जावं लागतं. ३५च्या लेन्सला पावणेदोन मीटर पुरतात. दहा फुटांची खोली म्हणजे तीन मीटर, पण त्यात पलंग, टेबल आणि कपडे वाळत घातलेला स्टँडही असतो!

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक प्रयोग करा. १८-५५ची किट लेन्स ३५वर ठेवा, झूम रिंगला चिकटपट्टी लावा आणि एक संध्याकाळ तेवढ्यावरच फोटो काढा. दुसऱ्या दिवशी ५०वर. कुठे अडचण होते ते आपोआप कळेल. संगणकावर जुन्या फोटोंची माहिती उघडली, तर आपण कोणत्या मिलिमीटरवर जास्त फोटो काढतो तेही दिसतं.

निकॉनच्या लहान सेन्सरवाल्यांसाठी ३५ मिलिमीटर, एफ १.८ची डीएक्स लेन्स आहे. घरातल्या फोटोंना मी तीच घ्यायला सांगेन. कॅनन डीएसएलआरवाल्यांसाठी २४ मिलिमीटर, एफ २.८ची चपटी लेन्स आहे. ती छोट्या खोलीत मावते, १६ सेंटिमीटरवरूनही फोकस करते. पण किट लेन्स २४वर एफ ४च्या आसपास उघडतेच, त्यामुळे प्रकाशाचा फायदा फार तर दुप्पट. तिने चेहऱ्याजवळ जाऊन फोटो काढू नका, नाक बटाट्याएवढं दिसतं.

दुसरी चूक जास्त महागात पडते. एफ १.८ मिळाली म्हणून प्रत्येक फोटो १.८वरच काढायचा! किट लेन्स ५५वर एफ ५.६ला अडते. त्या मानाने १.८वर जवळजवळ दहापट प्रकाश येतो, हे खरं. पण लहान सेन्सरवर ५०च्या लेन्सने एक मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो. एका डोळ्याच्या पापण्या मोजता येतात आणि दुसरा डोळा धुक्यात. एफ २.८वर हाच पट्टा चार सेंटिमीटरच्या आसपास जातो. आई आणि बाळ दोघांचे चेहरे हवेत तर एफ ४ लावा आणि दोघांना खिडकीजवळ बसवा.

आता 'लेन्स खराब आहे, फोटो धूसर येतात' ही तक्रार. लेन्स परत करायला निघण्याआधी तो फोटो मोठा करून बघा. दुपटं स्पष्ट आणि बाळाचे हात तेवढे फराटल्यासारखे असतील, तर शटर हळू आहे. रांगणाऱ्या बाळाला निदान १/२५० सेकंद आणि पळणाऱ्याला १/५०० ठेवा, त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, खुशाल वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. स्टॅबिलायझेशन असलेली लेन्स इथे कामी येत नाही. ती तुमचा हात सांभाळते, पोराला नाही.

कान किंवा झबल्याची झालर स्पष्ट आणि डोळे धूसर असतील, तर फोकस चुकलाय. कॅमेऱ्यावर निवड सोडू नका. एकच फोकस बिंदू घेऊन तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. मूल हलत असेल तर सतत फोकस करणारा मोड लावा, निकॉनवर एएफ-सी, कॅननवर एआय सर्व्हो. तरीही चुकत असेल, तर कॅमेरा स्टुलावर ठेवून तिरक्या वर्तमानपत्राचे दोन फोटो काढा, एक व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावतो त्या खिडकीतून) आणि एक लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. दुसराच स्पष्ट आला, तर कॅमेरा आणि लेन्सचं जुळवून घ्यावं लागेल.

लेन्स नुसतीच पुढे-मागे घरघरत असेल तर तुम्ही फार जवळ गेलाय. कॅननची जुनी ५०, एफ १.८ आणि निकॉनची ५०, एफ १.८जी, दोन्हींना ४५ सेंटिमीटर अंतर लागतं. कॅननच्या २०१५च्या नव्या ५०ला, म्हणजे एसटीएमला, ३५ सेंटिमीटर पुरतात. बाळाच्या बोटांनी अख्खी चौकट भरणं या लेन्सचं काम नाही, नंतर फोटो कापा.

जुनी लेन्स घेताना 'निकॉनला बसते' या शब्दावर विसंबू नका. बसते, पण निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, आणि जुन्या एएफ-डी लेन्स तिच्याशिवाय आपोआप फोकस करत नाहीत. नावात एएफ-एस आहे का बघा. कॅननच्या आरएफ मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्सना अडॅप्टर लागतो. त्याचे पैसे धरून हिशोब केला की 'स्वस्त' लेन्स कधीकधी नव्या आरएफ ५०च्या जवळ जाते.

आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून काचेतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी; मुंबईत, कोकणात दोन-तीन पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या लेन्सवर ती हमखास सापडते. नवी लेन्सही घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबतच ठेवा.

माझी ५० मी विकली नाही. भाची आता गच्चीवर पळते आणि संध्याकाळी पाचनंतर तिथे मागे सरकायला हवी तेवढी जागा असते. घरात मात्र ३५च.