चेहऱ्यात चरबी भरून घ्यायची तर आधी काय काय

सुरुवात वजनकाट्यापासून. बारीक व्हायचं मनात असेल तर आधी व्हा, ते वजन काही महिने टिकवा आणि मगच तारीख घ्या. पोटातून किंवा मांडीतून काढलेली चरबी गालात गेली तरी तिचा स्वभाव बदलत नाही. तुम्ही वाळलात की ती आटते, सुटलात की फुगते.

सिगारेट निदान ४ आठवडे आधी बंद, नंतरही तितकेच दिवस. व्हेप आणि निकोटीनचे पॅचही त्यातच आले. नव्या जागी गेलेल्या पेशींना पहिले काही दिवस रक्तपुरवठा नसतो, आजूबाजूने जे झिरपतं त्यावर त्या तग धरतात. त्यात निकोटीनने रक्तवाहिन्या आकसल्या की संपलंच. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिश ऑइल, सगळं लिहून न्या. मात्र काहीही आपल्या मनाने थांबवू नका. आधी फिलर (चेहरा भरण्याची तयार इंजेक्शनं) घेतले असतील तर लाजू नका, सांगा.

सर्जनला विचारायचं ते नीट विचारा. मायक्रोफॅट (बारीक कणांची चरबी) की नॅनोफॅट (त्याहून बारीक करून गाळलेली, जवळजवळ पातळ चरबी)? २०१३ मध्ये सर्जन टोनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या नॅनोफॅटचा बराच बोलबाला आहे, पण त्यात शाबूत चरबीपेशी जवळजवळ उरत नाहीत. त्वचेचा पोत सुधारण्यासाठी ते वापरतात, खोल गेलेला गाल त्याने भरत नाही. चरबी बोथट कॅन्युलाने (बोथट टोकाच्या बारीक नळीने), थेंबाथेंबाने सोडणार का, हेही विचारा. सर्जन कोलमन यांनी १९९० च्या दशकात रुजवलेली ही पद्धत. मोठा गोळा टाकला तर आतल्या पेशी उपाशी मरतात. आणि चरबी चुकून रक्तवाहिनीत शिरली तर दृष्टी जाऊ शकते. क्वचित घडतं, पण विचारायचंच. भरलेल्यापैकी बरीच चरबी शरीर शोषून घेतं, किती ते आधी सांगता येत नाही; म्हणून दुसऱ्या बैठकीची तयारी ठेवा, पैशांचीही.

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे फोटो सोबत न्या. एखाद्या नटीच्या फोटोपेक्षा ते कितीतरी कामाचे.

त्या दिवसासाठी पुढून बटणं असलेला सदरा, जादा उशी, घरी सोडायला कोणीतरी. सूज दोनेक आठवडे राहते, तेव्हा महत्त्वाचा समारंभ त्या काळात नको. खरा चेहरा ३ ते ६ महिन्यांनी कळतो, तोवर आरशाशी भांडू नका. डॉक्टरांचा रात्रीचा फोन नंबर मात्र आधीच घेऊन ठेवा: अचानक अंधुक दिसलं, असह्य दुखलं किंवा त्वचा पांढरी पडली, तर सकाळची वाट पाहायची नाही.