दारू सुटली, आता वजनाचं ऑपरेशन करायचंय? आधी सायकॉलॉजिस्टकडे जाताना हे वाचा

माझी दारू सुटून चार वर्षं झाली आणि त्या चार वर्षांत वजन ८६ वरून १२१ वर गेलं. कसं गेलं ते विचारू नका, म्हणजे विचाराच, कारण ऑपरेशनच्या आधी त्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी सव्वा तास नेमकं तेच विचारलं. दारू सोडणाऱ्यांच्या मिटींगला नवीन माणूस आला की आपण त्याला सांगतो ना, खिशात चॉकलेट ठेव, गूळ ठेव, क्रेव्हिंग आलं, म्हणजे पिण्याची ओढ लागली, की तोंडात टाक. सल्ला चांगलाच आहे, माझे पहिले तीन महिने त्याच्यावरच निघाले. फक्त मी तो सल्ला चार वर्षं पाळला आणि गुळाच्या खड्याची पाव किलो जिलबी कधी झाली ते कळलंच नाही.

तर बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, म्हणजे हेच वजनाचं ऑपरेशन, करायची म्हटल्यावर रक्त, सोनोग्राफी, एंडोस्कोपी यांच्याबरोबर एक कागद सायकॉलॉजिस्टचाही लागतो. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त धाकधूक त्याच कागदाची असते, त्यामुळे तयारी कशी करायची ते लिहितो. मी डॉक्टर नाही, मी त्या खुर्चीत बसून आलेला माणूस आहे.

पहिली गोष्ट, ही पास-नापासची परीक्षा नाहीये. दारू पीत होतो म्हणजे ऑपरेशन नाकारणार, असं काही नसतं. आत्ता पिणं चालू असेल तर थांबवतात आणि ते बरोबरच आहे. पण जुना इतिहास असणं हा नकार नसतो, तो त्यांच्यासाठी नंतरचा प्लॅन ठरवायचा मुद्दा असतो. कारण ऑपरेशननंतर दारूचं शरीरातलं गणितच बदलतं. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून टाकतात आणि बायपास नावाच्या प्रकारात अन्न जठराच्या मोठ्या भागाला वळसा घालून थेट लहान आतड्यात जातं, त्यामुळे दारू आधीसारखी पोटात रेंगाळत नाही, भसकन रक्तात चढते. बायपास झालेल्या बायकांवर अमेरिकेत अभ्यास झालाय, त्यात दोन ड्रिंकनंतर रक्तात इतकी दारू सापडली जितकी ऑपरेशन न झालेल्यांना चार ड्रिंकनंतर चढते. म्हणजे तुमच्या मेंदूला जी जुनी किक आठवते ती अर्ध्या पैशात मिळणार. आपल्यासारख्याला याहून वाईट ऑफर नाही.

तिकडच्याच एका मोठ्या अभ्यासात असंही दिसलं की बायपासनंतर पाच वर्षांत सुमारे २१ टक्के लोकांमध्ये दारूच्या व्यसनाची लक्षणं नव्याने आली, ऑपरेशनच्या आधीच्या वर्षात ज्यांना तो त्रास नव्हता अशांमध्ये! मग आपण कुठे उभे आहोत बघा. म्हणून मॅडम खोदून विचारतात, तुमच्यावर राग म्हणून नाही.

आता न्यायचं काय. व्यसनमुक्ती केंद्रात अ‍ॅडमिट झाला असाल तर तिथलं डिस्चार्ज कार्ड शोधा, नसेल सापडत तर केंद्राला फोन करून कॉपी मागा, मुक्तांगणसारखी केंद्रं पुण्यात १९८६ पासून चालू आहेत, असे फोन त्यांना नवीन नसतात. सायकियाट्रिस्टच्या गोळ्या चालू असतील तर सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका, नावं आठवत बसू नका. आणि घरी शांतपणे एक कागद लिहा. पहिला घोट कधी, रोजचं पिणं कधीपासून, शेवटचा घोट कोणत्या तारखेला, मध्ये स्लिप, म्हणजे सोडल्यावर परत पिणं, किती वेळा झाली आणि प्रत्येक स्लिपच्या आधी घरात काय चाललं होतं. स्लिपा लपवू नका प्लीज, तीन वेळा पडून उठलेला माणूस त्यांना खोटा वाटत नाही, उलट उठायचं कसं ते याला माहितीये असं दिसतं. तंबाखू, गुटखा, मिश्री, सिगरेट हेही लिहा. आपल्याकडे मिश्रीला कोणी व्यसन धरतच नाही, घरातली आजी लावते म्हणून. पण धूर किंवा तंबाखू चालू असेल तर जखम नीट भरत नाही आणि बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो, सर्जन निदान सहा आठवडे आधी बंद करायला लावतातच.

इथे मला आलेला एक अनुभव सांगतो, हॉस्पिटलचं नाव नको. फॉर्म भरताना तिथल्या को-ऑर्डिनेटरने हळूच सांगितलं, "सर, दारूचं कशाला लिहिता, सुटलीये ना आता, उगाच इन्शुरन्सवाले फाटे फोडतील." मी दोन मिनिटं पेन हातात धरून बसलो, खरं सांगतो, मोह झाला. पण जे लपवलं ते भूल देणाऱ्या डॉक्टरला कळणार नाही, आणि क्लेमच्या वेळी जुनी फाइल निघाली तर खोटी माहिती दिली म्हणून क्लेमच अडकतो. पॉलिसीत एरवी वजनाच्या ऑपरेशनला अट असते, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत हाताबाहेर गेलेला डायबेटिस, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, हृदयाचा आजार असलं काही. माझा जवळपास ४३ होता. दारूच्या उपचाराचा खर्च बऱ्याच पॉलिसीत वगळलेला असतो ही गोष्ट वेगळी, त्यामुळे दोन्ही कलमं आधी वाचा आणि टीपीएला (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम बघणारी एजन्सी) लेखी ईमेल करून विचारा, तोंडी नको.

आता प्रत्यक्ष आत काय होतं. आधी कागदावरच्या प्रश्नावल्या. डिप्रेशनची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९, चिंतेची जीएडी-७, अधाशासारखं खाण्याबद्दल एक, आणि दारूची दहा प्रश्नांची ऑडिट. ऑडिटमध्ये बहुतेक प्रश्न गेल्या वर्षभराचे असतात म्हणून आपलं उत्तर शून्य, शून्य, शून्य येतं आणि आपण खूश होतो. पण शेवटचे दोन प्रश्न जुनं उकरतात, तुमच्या पिण्यामुळे कोणाला इजा झाली का, आणि कोणी काळजीने बोललं होतं का. "हो, पण गेल्या वर्षात नाही" याला प्रत्येकी दोन मार्क. माझे ४ आले. घाबरू नका, प्रामाणिक सोबर, म्हणजे दारू सोडलेल्या, माणसाचे इतके यायचेच. कुठे कुठे लघवीची टेस्ट किंवा पेथ नावाची रक्ताची टेस्टही सांगतात, तिच्यात मागच्या दोन-चार आठवड्यांचं पिणं दिसतं. "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणून तिथे फुगून बसू नका, शुगर तपासतात तेव्हा फुगतो का आपण?

मग गप्पा. मॅडमनी दारूचं दहा मिनिटांत आटपलं आणि विचारलं, "संध्याकाळी सात ते नऊ काय करता?" मी म्हटलं काही नाही, टीव्ही, मुलाचा अभ्यास. त्यांनी हिला आत बोलावलं आणि तोच प्रश्न हिला विचारला. ही म्हणाली, "दुकानातून येताना जिलबी खाऊन येतात, घरी येऊन सांगतात भूक नाही, आणि मग रात्री चिवड्याचा डबा." मला वाटलं हिला जिलबीचं माहीत नाही. तर म्हणते, स्कूटरच्या डिकीत तेलकट कागद सापडतात. ज्या डिकीत मी क्वार्टर लपवायचो त्याच डिकीत. केबिनमध्ये कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मॅडम एवढंच म्हणाल्या की जिलबी ऑपरेशननंतर बंद होणार, मग सात वाजता त्या डिकीत काय येणार ते आपण आत्ताच ठरवूया.

सगळ्या तपासणीचा गाभा हाच आहे बघा. एक आधार काढला की माणूस दुसरा शोधतो, दारू गेली खाणं आलं, खाणं गेलं की परत दारू, ऑनलाइन रमी, झोपेच्या गोळ्या, काहीही. म्हणून जायच्या आधी आठवडाभर एक वही ठेवा, काय खाल्लं त्याच्याशेजारी किती वाजता आणि डोक्यात काय होतं तेवढं लिहा. कॅलरी मोजू नका, ते डाएटिशियनचं काम. आणि सोबत घरातलं असं माणूस न्या जे तुमच्या तोंडावर खरं बोलेल. आई नको, आई झाकते.

किती दिवस सोबर असावं लागतं? बरेच सर्जन सहा महिने ते वर्षभर तरी म्हणतात, प्रत्येकाचं वेगळं. रिपोर्टवर "आत्ता नको, तीन महिन्यांनी परत या" असं आलं तर दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन इतिहास न सांगता कागद मिळवायचा उद्योग करू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकाला असंच थांबवलं होतं, त्याची शेवटची स्लिप जेमतेम दोन महिन्यांपूर्वीची होती. तो चिडला, पण त्या काळात मिटींगा वाढवल्या, डिप्रेशनची गोळी नीट बसली आणि मग झालं त्याचं ऑपरेशन.

मॅडम आणि सर्जन दोघांना विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या. कुठलं ऑपरेशन, आणि माझा इतिहास बघता तेच का. दुखण्याच्या गोळ्यांचं काय, कारण बायपासनंतर ब्रुफेनसारख्या गोळ्या टाळायला सांगतात आणि ट्रॅमाडॉलसारख्यांची आपल्यापैकी काहींना सवय लागू शकते, म्हणून त्या गोळ्या घरी कोणाच्या ताब्यात राहणार तेही ठरवा. नालट्रेक्सोन, म्हणजे दारूची ओढ कमी करणारी गोळी, चालू असेल तर भूल देणाऱ्याला सांगितलंच पाहिजे, ती पोटात असताना अफूच्या जातीची वेदनाशामकं काम करत नाहीत, ती आधी थांबवावी लागते, पण स्वतःच्या मनाने नाही. डायसल्फिरामवाल्यांनी (दारू पोटात गेली की त्रास होतो ती गोळी) टॉनिकच्या बाटलीवर अल्कोहोल लिहिलंय का ते बघायचं. आणि थायमिन विचाराच, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. दारूने ते आधीच कमी झालेलं असू शकतं आणि ऑपरेशननंतर उलट्या लागल्या तर मेंदूवर परिणाम होईपर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे उलट्या थांबत नसतील तर "होईल बरं" म्हणत घरी बसायचं नाही.

पार्टीचं पण आधीच घरच्यांसमोर बोलून घ्या. वजन उतरलं की लोक कौतुक करतात, आणि कौतुकाच्या भरात कोणीतरी काका म्हणतोच, आता तर हिरो झालास, एक पेगने काय होतंय. आपल्यासाठी उत्तर शून्य पेग, बिअरही नाही, वाईनही नाही. आणि हे मी नाशिकमध्ये राहून सांगतोय.

मन फार खाली गेलं, नको ते विचार यायला लागले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हे दोन नंबर मोबाइलमध्ये सेव्ह असू द्या, बायकोच्याही मोबाइलमध्ये.

आणि सायकॉलॉजिस्टच्या पुढच्या तारखा ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवा. पहिल्या वर्षी सगळं नवं असतं, वजन दर आठवड्याला उतरतं, पिण्याची आठवणही येत नाही. अडचण बहुतेक दुसऱ्या वर्षी सुरू होते, काटा थांबतो, लोकांचं कौतुक थांबतं. माझ्या कागदावर मॅडमनी सहावा, बारावा, अठरावा आणि चोविसावा महिना लिहून दिलाय आणि अठराव्याला पेनाने दोनदा गोल केलाय. तो कागद आता स्कूटरच्या डिकीत असतो.