विजेच्या स्कूटरची बॅटरी कशी टिकवायची

लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून असली तरी झिजते. ही झीज वाढवतात दोन गोष्टी: उष्णता आणि शंभर टक्के चार्ज. त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात पूर्ण भरलेली स्कूटर दिवसभर उन्हात उभी करणं, हा बॅटरी लवकर संपवायचा हमखास मार्ग. बॅटरीचा पॅक अनेक छोट्या सेल जोडून बनतो. सेलमधल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो. उष्णतेत तो जाड होत जातो, त्यात लिथियम कायमचं अडकतं आणि रेंज घटते.

आधी पॅकच्या लेबलवर प्रकार बघा: एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) की एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट). दोघांना वेगळी सवय लागते.

एनएमसी असेल तर रोज ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा, २० च्या खाली शक्यतो जाऊ नका. ॲपमध्ये मर्यादा घालायची सोय नसेल तर टायमर लावा. ३ किलोवॅट-तासांचा पॅक आणि ७५० वॅटचा चार्जर असेल, तर ३० वरून ८० टक्क्यांवर जायला साधारण सव्वादोन तास लागतात. लांब जायचं असेल त्या दिवशी खुशाल पूर्ण भरा, पण भरून झाल्यावर लगेच निघा.

एलएफपी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण भरावी. तिच्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज बराच काळ ३.२-३.३ व्होल्टवरच रेंगाळतो, त्यामुळे किती चार्ज उरला याचा बीएमएसचा (पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा) अंदाज चुकत जातो. सगळ्या सेलचा चार्ज एका पातळीवर आणायचं कामही बहुधा पॅक भरत आला की होतं.

गाडी चालवून आल्यावर अर्धा तास थांबून मगच चार्जर लावा. जिन्याखाली किंवा घराच्या एकमेव दारापाशी चार्जिंग नको. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

आता चार्जर. इथे सर्वात जास्त काळजी घ्या, कारण बाजारात '४८ व्होल्ट' या एकाच नावाखाली वेगवेगळे पॅक मिळतात. १३ सेलांच्या ओळीचा एनएमसी पॅक ५४.६ व्होल्टला भरतो, १६ सेलांचा एलएफपी ५८.४ ला. एलएफपीचा चार्जर चुकून एनएमसीला लावला तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळपास ४.५ व्होल्ट येऊ शकतात. अशा वेळी बीएमएस हाच काय तो अडसर, आणि तोही बिघडू शकतो. पिन बसते म्हणून चार्जर लावू नका. व्होल्टचा आकडा आणि बॅटरीचा प्रकार, दोन्ही जुळले पाहिजेत.

महिना-दोन महिने गावी जाणार असाल तर पॅक ५० टक्क्यांवर ठेवा, एमसीबी (बॅटरीचा मेन स्विच) असेल तर बंद करा आणि गाडी सावलीत लावा. रिकामा पॅक सोडून जाऊ नका. बीएमएस स्वतः थोडी वीज खातच असतो. सेल २ व्होल्टच्याही खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून पूर्ण मेलेल्या पॅकला थेट वीज देऊन 'उठवायला' कुणालाही सांगू नका.

पॅक पुरात बुडाला, फुगला किंवा त्याला गोडसर वास येऊ लागला तर चार्जिंग कायमचं थांबवा. धूर नसेल आणि पॅक गरम लागत नसेल तरच गाडी इमारतीपासून लांब, उघड्यावर न्या आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. धूर दिसला तर पॅकला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी काही तासांनीही पुन्हा पेटू शकते, हे अग्निशमन दलाला फोनवरच सांगा.