जुना अ‍ॅम्प्लिफायर आधी सिरीज बल्बवर लावा

वर्षानुवर्षं बंद पडलेला सेकंडहँड ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर थेट सॉकेटला लावू नका. आत शॉर्ट असेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसाच दुसरा मिळणं कठीण. इलेक्ट्रिशियनकडचा सिरीज बोर्ड आणा, म्हणजे ज्याच्या सॉकेटला येणारी वीज आधी एका बल्बमधून जाते; शॉर्ट असला तरी बल्ब करंट रोखतो. त्यात ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा बल्बच हवा, एलईडी चालत नाही.

१. मागचा व्होल्टेज सिलेक्टर २२०–२४० वर आहे ना, बघा. नुसता ११० व्होल्टचा सेट असेल तर स्टेपडाऊन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लागेल.
२. स्पीकर काढा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा.
३. अ‍ॅम्प्लिफायर बोर्डाच्या सॉकेटला लावून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटतच राहिला तर लगेच बंद करून मेकॅनिककडे न्या.

प्लग काढल्यावरही झाकण उघडून हात घालू नका, मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.