एकच तर इनिंग

गेल्या महिन्यात सांगलीहून भाच्याचा मेसेज आला. "मावशी, मी एकशेचाळीसने टाकतो. अकादमीत स्पीडगनवर मोजलंय. क्रिकेटमध्ये इतकी गर्दी आहे की माझा नंबर लागायचा नाही. अमेरिकेत बेसबॉलमध्ये रिलीफ पिचर होता येईल का? त्यांना एकच तर इनिंग टाकायची असते."

त्या शेवटच्या वाक्यामुळे हा सगळा प्रपंच.

मी स्वतः आयुष्यात एकही पिच, म्हणजे बेसबॉलचा एक चेंडू, टाकलेली नाही. मिरजेला फिजिओथेरपी केली, अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स केलं आणि मायनर लीगच्या, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या पातळीवरच्या, एका संघाकडे चार सीझन ट्रेनर होते. ट्रेनर म्हणजे वजनं उचलायला लावणारी नव्हे, ते काम दुसऱ्याचं. मी टेप बांधायची, बर्फ लावायचा, खांदा किती फिरतो ते मोजायचं आणि आज कुणाला टाकायला देऊ नका हे मॅनेजरला सांगायचं. दुपारी क्लबहाउस उघडलं की माझ्या टेबलाशी पहिले हजर व्हायचे ते रिलीव्हर, म्हणजे रिलीफ पिचर. तेव्हा जे सांगते आहे ते त्यांच्या खांद्यांकडून ऐकलेलं आहे असं समज.

सामना नऊ इनिंगचा, दर इनिंगला प्रत्येक संघाचे तीन बाद. चेंडू टाकणारा तो पिचर, आणि सामन्याची सुरुवात करतो तो स्टार्टर. तो पाच-सहा इनिंग टाकतो आणि मग चार-पाच दिवस त्याला सुट्टी. उरलेला सामना रिलीव्हरांनी ओढायचा. मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, संघात २६ खेळाडू असतात, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. पाच स्टार्टर धरले तर रिलीव्हर आठ, आणि सीझनमध्ये सामने १६२. स्टार्टरला आपली पाळी कधी ते आधीच ठाऊक असतं. आदल्या रात्री काय जेवायचं, कधी झोपायचं हे तो त्यावरून ठरवतो. रिलीव्हरची पाळी आज आहे की नाही हे त्याला रात्री साडेनऊला कळतं. कधी कळतच नाही.

माझ्याकडे एक वही होती. दोन रकाने: मैदानावर टाकलेल्या पिचेस आणि बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीव्हर खांदा गरम करतात त्या जागेत, टाकलेल्या. पहिला रकाना कुणीही स्कोअरकार्डावरून भरील. दुसरा कुठेच छापून येत नाही. होतं असं, की सातव्या इनिंगमध्ये स्टार्टर अडचणीत येतो. पिचिंग कोच खूण करतो, आपला गडी उठतो, पंधरा-वीस पिचेस टाकून खांदा गरम करतो. तेवढ्यात डबल प्ले होतो, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद, इनिंग संपते, आणि याला सांगतात, बस. आठव्या इनिंगमध्ये पुन्हा उठ, पुन्हा वीस. सामना आपण जिंकतो, हा मैदानावर गेलेलाच नसतो. स्कोअरकार्डात त्याचं नावही नाही, पण हाताने चाळीस पिचेस टाकलेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणतो, "हा काल टाकला नाही, ताजा आहे." तेव्हा वही उघडून दाखवणं हे माझं काम. कधी ऐकलं जायचं, कधी नाही. एका पोराचा एक आठवडा मला पाठ आहे. मंगळवार ते रविवार सहा सामने, त्यांतल्या दोनांत तो मैदानात उतरला आणि पाचांत गरम झाला.

मेजर लीगमध्ये बुलपेनला फोन असतो, आणि त्या फोनचीही एक गोष्ट आहे. २०११ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, सेंट लुइसचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी टेक्ससच्या गर्जणाऱ्या मैदानातून जेसन मॉट या रिलीव्हरला गरम करायला सांगितलं. पलीकडे नाव ऐकू गेलं लान्स लिन. माऊंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, आला तोही लिनच. वर्ल्ड सिरीज चालू आहे आणि माणूस भलताच! तो सामना ते हरले, पण सिरीज जिंकले, म्हणून आज हसता येतं. लिनच्या जागी स्वतःला ठेवून बघ: आज तुला विश्रांती, असं सांगितलेलं असताना फोन वाजतो.

आता "होता येईल का" याबद्दल. लहानपणी रिलीव्हर व्हायचं म्हणून कुणी बेसबॉल खेळत नाही. सगळ्यांना स्टार्टर व्हायचं असतं, नाहीतर फलंदाज. मग कुठेतरी अडतं. दोनच प्रकारच्या पिचेस चांगल्या पडतात, तिसरी जमत नाही, त्यामुळे फलंदाज दुसऱ्या फेरीत ओळखून मारतात. किंवा खांदा शंभर पिचेस सोसत नाही. अशांना बुलपेनमध्ये पाठवतात. मारियानो रिव्हेरा पनामातल्या कोळ्यांच्या गावचा. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने त्याला दोन-तीन हजार डॉलरवर घेतलं. मे १९९५ मध्ये स्टार्टर म्हणून पहिला सामना खेळला आणि मार खाल्ला. पुढे क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा रिलीव्हर, झाला, मुख्यतः एका कटरच्या, म्हणजे शेवटी किंचित वळणाऱ्या वेगवान पिचच्या, जोरावर ६५२ सेव्ह काढल्या, आणि २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये एकमताने निवडून आलेला पहिला खेळाडू ठरला. ट्रेव्हर हॉफमन शॉर्टस्टॉप, म्हणजे आतल्या वर्तुळातला क्षेत्ररक्षक, होता, बॅट चालेना म्हणून पिचर केला. त्याच्या सेव्ह ६०१. केनली जॅनसेन कुरासावचा, २००९ पर्यंत कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, होता. डेनिस एकर्सली तर नावाजलेला स्टार्टर, नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट न देता अख्खा सामना, टाकलेला. उतारवयात ओकलंडला क्लोजर केला आणि १९९२ मध्ये साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) दोन्ही पुरस्कार घेऊन गेला. तेव्हा बुलपेनमध्ये पाठवलं म्हणून पोरं माझ्या टेबलावर पडून रडायची, त्यांना मी ही यादी ऐकवायचे. फारसा उपयोग व्हायचा नाही. वीस वर्षांच्या पोराला रिव्हेराचं सांगून काय होणार, त्याला घरी आईला काय सांगायचं ही चिंता असते.

सेव्ह म्हणजे काय ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जिंकणाऱ्या संघाचा शेवटचा पिचर तीन किंवा कमी धावांच्या आघाडीवर आला आणि निदान एक इनिंग टाकून सामना संपवला तर त्याला सेव्ह मिळते. बरोबरीची धाव बेसवर, बॅटिंगला किंवा त्याच्या पुढच्या नंबरवर असताना आला तर किंवा तीन इनिंग नीट टाकल्या तरी मिळते. ही कल्पना जेरोम होल्ट्झमन या शिकागोच्या क्रीडापत्रकाराची. १९६९ पासून ती अधिकृत आकडा झाली. माझं मत विचारशील तर या आकड्याने बुलपेनमध्ये जातिभेद आणला. आठवी इनिंग टाकणाऱ्यासमोर कधीकधी समोरच्या संघाचे सगळ्यात तगडे तीन फलंदाज येतात, तो त्यांना उडवतो, आणि नवव्यात क्लोजर शेपटाला बाद करून सेव्ह घेऊन जातो. पैसाही त्याच्याकडेच जातो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने एडविन डियाझ या क्लोजरला पाच वर्षांचे १०.२ कोटी डॉलर दिले. रिलीव्हरला दहा कोटींच्या वर पहिल्यांदाच. चार महिन्यांनी वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांच्या स्पर्धेत त्याचा पोर्टो रिको संघ एक सामना जिंकला, त्या जल्लोषात उड्या मारताना त्याच्या गुडघ्याचा टेंडन तुटला आणि अख्खा सीझन गेला. पिच टाकताना झालं असतं तर आम्हा ट्रेनर लोकांना निदान समजलं असतं.

आता तुझे एकशेचाळीस. मैलांत ८७. मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल ९४ मैलांच्या आसपास, म्हणजे दीडशेच्या वर, आणि रिलीव्हरचा त्याहून थोडा जास्तच. पण खरी अडचण आकड्याची नाहीच. तू धावत येऊन सरळ हाताने टाकतोस. कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर अंपायर कळवतो. पिचर दहा इंच उंच माऊंडवर उभा असतो, रनअप नाही, एक लांब पाऊल, आणि वाकलेला हात मागे इतका वळतो की फोटो पाहिलास तर अंगावर काटा येईल. सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या लिगामेंटवर. फास्ट बोलरची कंबर जाते, पिचरचं कोपर. तेव्हा स्पीडगनवरचा आकडा इकडे जसाच्या तसा आणता येत नाही. तू बाउंड्रीवरून थ्रो किती जोरात करतोस ते जास्त कामाचं. चेंडू मात्र तुला हलका वाटेल, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा दहा-पंधरा ग्रॅमने कमी.

त्या लिगामेंटचं ऑपरेशन डॉक्टर फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केलं, तेव्हापासून त्याला पिचरचंच नाव आहे. मनगटाजवळचा एक टेंडन काढून कोपरात बसवतात. परत माऊंडवर यायला वर्ष ते दीड वर्ष. आजकाल शाळकरी पोरांचेही आईबाप येऊन विचारतात की हे ऑपरेशन आधीच करून घेतलं तर वेग वाढतो ना? वाढत नाही. कृपा करून हे कुठल्याही मराठी मंडळात कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

दुसऱ्या सीझनमधलं एक सांगते. आमच्याकडे एक डावखुरा होता, डॉमिनिकन, एकोणीस-वीसचा. त्याचं माझ्याकडे येणं हळूहळू कमी झालं. मला वाटलं बरा आहे. नंतर लक्षात आलं की तो टेबल टाळतोय. बस उतरताना बॅग उजव्या हातात, पाण्याची बाटली उजव्या हाताने, दात घासतो तोही उजव्याने. एक दिवस पकडून बसवलं आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. तो म्हणाला, "तुला सांगितलं तर तू त्यांना सांगशील." खरंच होतं. मला सांगावंच लागतं, नोकरीच ती. त्याला घरी पाच माणसं पोसायची होती आणि त्याची जागा घ्यायला फ्लोरिडात चौघे उभे होते. मी सांगितलं. एमआरआय झाला, लिगामेंट अर्धं फाटलेलं. पुढे अकरा महिने तो माझ्याशी फक्त "येस" आणि "नो" बोलला. मी चूक केली असं मला वाटत नाही. पण पहिल्या महिन्यातच बॅग कुठल्या हातात आहे हे मला दिसायला हवं होतं, हे मात्र वाटतं. नवीन पोरांना म्हणूनच पहिल्या दिवशी सांगायचे: दुखणं आणि ठणकणं यांतला फरक मला तुमच्याच तोंडून कळू दे, माझ्या डोळ्यांवर सोडू नका.

पैशाचं सांगते, कारण घरचे तेच विचारतील. मेजर लीगमध्ये किमान पगार २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर. मायनरमध्ये २०२३ च्या करारानंतर लो-ए या खालच्या पातळीवर वर्षाला किमान २६,२०० आणि ट्रिपल-ए या सगळ्यात वरच्या पातळीवर ३५,८०० डॉलर झाले. आधी याच्या निम्मे किंवा कमीच होते, राहायची सोयही नव्हती. ती २०२२ पासून संघ करतात. मेजर आणि मायनरच्या आकड्यांमधलं अंतर फार मोठं आहे, आणि रिलीव्हर त्या अंतरात सतत वरखाली करतो. ज्याच्या 'ऑप्शन', म्हणजे मायनरमध्ये पाठवायच्या मुभा, शिल्लक असतात त्याला संघ वेव्हरशिवाय, म्हणजे इतर संघांना त्याला घ्यायची संधी न देता, खाली पाठवू शकतो. काल तीन इनिंग टाकून हात दमला? मग जा ट्रिपल-ए ला, ताजा माणूस वर आण. पूर्वी याला धरबंधच नव्हता, २०२२ पासून एका सीझनमध्ये पाचदा एवढी मर्यादा घातली. पाचदा! भाड्याचं घर कुठल्या गावात घ्यायचं सांग. आणि काढून टाकतात तेव्हा मॅनेजरच्या खोलीत पाच मिनिटं. संध्याकाळपर्यंत लॉकरवरची नावाची पट्टीही निघालेली असते.

डावखुरे असाल तर पूर्वी एक सोय होती. एकाच डावऱ्या फलंदाजाला टाकायचं आणि परत यायचं. जेसी ओरोस्को अशा कामांवर ४६ व्या वर्षापर्यंत टिकला, १,२५२ सामने, अजून तो विक्रम आहे. २०२० पासून निदान तीन फलंदाजांना टाकावं लागतं, नाहीतर इनिंग संपवावी लागते. ती खिडकी बंद झाली.

भारतातून जायची वाट आहे, पण ड्राफ्टची, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची, नाही. तो अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिकोतल्या पोरांसाठी, २० फेऱ्यांचा. बाहेरच्यांशी संघ थेट करार करतो. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या जोरात चेंडू टाकणारे शोधायच्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल असेच पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले. दोघेही भालाफेकवाले, क्रिकेटर नव्हेत, हे लक्षात घे. दिनेश २०१० मध्ये बाहेर पडला. डावखुरा रिंकू रिलीव्हर म्हणून २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात लो-ए पर्यंत पोचला, मग दुखापतींनी गाठलं. पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला आणि तिथे जास्त प्रसिद्ध झाला. चार वर्षांपूर्वीपर्यंत ग्लोव्ह न पाहिलेला माणूस तिथवर जातो हे मला अजून मोठंच वाटतं.

अमेरिकेतल्या मराठी आईबापांचे प्रश्न वेगळे. त्यांच्या पोरांना कॉलेजचा मार्ग आहे आणि तो सोडू नये, कारण मायनरमधून पंचविशीत बाहेर पडणाऱ्या मुलाकडे डिग्री असणं आणि नसणं यात फार अंतर पडतं. स्पॅनिश शिकवा. बुलपेनमधले विनोद, शिव्या, सल्ले सगळं स्पॅनिशमध्ये चालतं, आणि चार तास बाकावर बसायचं तर भाषा लागते. तिथे सगळ्यात नवख्याने गोळ्या-चॉकलेटांची बॅग वाहायची, तीही लहान मुलीची, गुलाबी. त्यात अपमान वगैरे काही नाही.

भाच्या, तू काही हे वाचून थांबणार नाहीस, मला माहीत आहे, तू तुझ्या आजोबांवर गेला आहेस. मग एवढं कर. रविवारी बाउंड्रीवरून दहा थ्रो कर आणि व्हिडिओ पाठव. मागून नको, उजव्या बाजूने काढ, कोपर दिसलं पाहिजे. आणि व्हिडिओ सुरू करण्याआधी किती टाकलेस ते वेगळं लिहून पाठव.