पिंजऱ्यातल्या पाखरांसाठी राळा : काढणी आणि वाळवण सांभाळा

जुलैच्या सुरुवातीला पेरलेला राळा (बारीक दाण्याचं भरडधान्य) 80 ते 90 दिवसांत तयार होतो. म्हणजे पुणे जिल्ह्यात काढणी नेमकी परतीच्या पावसाच्या तोंडावर येते. माणसांच्या ताटात जाणाऱ्या राळ्याची साल काढून घ्यावी लागते आणि त्या कटकटीला बरेच जण कंटाळतात. पाखरांच्या मालाला ती नाही. बजी (पुण्यात सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणतात) चोचीनेच साल सोलतात, त्यांना अख्खा दाणा हवा. पण बुरशी लागलेला दाणा एवढ्याशा जिवाला सोसत नाही.

कणसं पिवळी-तपकिरी पडली आणि दाणा नखाला दबेनासा झाला की कापा. दोन दिवस आधी कापलेलं परवडतं, भिजलेलं नाही. चांगली भरलेली कणसं वीतभर देठासकट वेगळी काढा, लहान जुड्या बांधून वाऱ्याच्या सावलीत उलट्या टांगा. पक्षी पाळणारे अख्खं कणीस आवडीने घेतात, पिंजऱ्यात अडकवलं की पाखरू तासभर त्यातच रमतं. बाकीचं मळून, उफणून ताडपत्रीवर पातळ पसरा. डांबरी रस्त्यावर नको, सारवलेल्या खळ्यावरही नको.

ओलावा 12 टक्क्यांच्या खाली यायला हवा. मोजायचं यंत्र नसेल तर दाताखाली धरा, कट्‌ असा आवाज यावा. मी एका वर्षी घाईने पोती शिवली. आठवड्याने हात घातला तर आत ऊब, वास कुबट. सगळा माल गेला. उन्हातून उचललेला दाणाही निवल्यावरच भरा.

पेरणीतून उरलेलं थायरम (बुरशीनाशक) लावलेलं बियाणं धुऊनसुद्धा यात मिसळू नका. साठवणीत बोरिक पावडर नको, धुरीच्या गोळ्या तर नकोच. घट्ट झाकणाची कोरडी पिंपं पुरतात. सूर्यफुलाचं विचारतील, पण ते तेलकट, बजींना चिमूटभरच चालतं. आणि गिऱ्हाईक देशी हिरव्या पोपटासाठी दाणे मागायला आलं, तर तो पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे तोंडावर सांगा.

ताज्या राळ्याला सुप्तावस्था असते, म्हणजे तो लगेच उगवत नाही, म्हणून महिना-दीड महिन्याने 100 दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांनी कोंब मोजा, कोंब आला म्हणजे दाणा जिवंत. ते फडकं गिऱ्हाइकासमोर उलगडा, मग भाव बोला.