व्यायाम कशासाठी, ते आधी लिहून काढा

सुरुवात करण्याआधी खरं कारण कागदावर लिहा. ‘चांगलं दिसायचंय’ असेल तर तेच लिहा, त्यात लाज कसली? मग त्या कारणाला साजेसं मोजमाप निवडा. दिसण्यासाठी करत असाल तर रोज वजनकाट्यावर उभं राहू नका. शरीरातल्या पाण्यामुळे आकडा वर-खाली होतो. महिन्यातून एकदा कंबर मोजा. माझं कारण रक्तदाब, म्हणून मी सकाळचं रीडिंग आणि जिना चढताना लागणारा दम वहीत टिपते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि २ दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. दिसण्यासाठी करणाऱ्यांनी हे २ दिवस मुळीच गाळू नयेत. स्नायूंना आकार त्यानेच येतो.